डोमेनचा फेरफार: नेमसर्व्हर बदलताना रजिस्ट्रार, रजिस्ट्री आणि आपण

एप्रिलचा दुसरा आठवडा, हापूसच्या पेट्या ऐन भरात, आणि देवगडकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. "माझ्या मोबायलार उघडता, पण पुण्याच्या गिरायकाक दिसणा नाय." त्यांची साइट आदल्या रात्री मीच नव्या डीएनएसवर, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, नेली होती. माझ्याकडेही ती उघडत होती. पुण्यात मात्र काहींना दिसत होती, काहींना नाही, आणि ऑर्डरचे मेल येतायत की हरवतायत याचा पत्ता नव्हता. चूक माझीच होती. डीएस नावाचा जुना सुरक्षेचा रेकॉर्ड रजिस्ट्रीत, म्हणजे डोमेनच्या मूळ दप्तरात, तसाच राहिला होता. ते निस्तरायला दीड दिवस गेला, आणि दीड दिवस आंबा कुणासाठी थांबत नाही.

त्यानंतर मी कामाचा क्रम ठरवून घेतला. होमस्टे, आंबा-काजूवाले, बोटिंगवाले अशी लहान लहान गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या कुणालाही तो वापरता येईल.

कोणाच्या हातात काय आहे

डोमेनची नोंद म्हणजे सातबारा समजा. मूळ दप्तर रजिस्ट्रीकडे असतं. डॉट कॉमचं दप्तर व्हेरिसाइनकडे, डॉट इन आणि डॉट भारतचं निक्सीकडे. त्या दप्तरात तुम्ही स्वतः लिहू शकत नाही. लिहिण्याचा अधिकार रजिस्ट्रारला, म्हणजे ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्या कंपनीला. रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री आपसात ईपीपी नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात. पॅनेलमध्ये तुम्ही 'सेव्ह' दाबता तेव्हा रजिस्ट्रारचं यंत्र रजिस्ट्रीला ईपीपीतून फेरफाराचा अर्ज करतं. रजिस्ट्रीला थेट फोन करून उपयोग नसतो; ती तुम्हाला रजिस्ट्रारकडेच परत पाठवते.

तिसरा पक्ष डीएनएस चालवणारा. साइट कुठे आहे, मेल कुठे द्यायचा, हे सगळं त्याच्या नेमसर्व्हरवर लिहिलेलं असतं. रजिस्ट्रीच्या दप्तरात फक्त एवढंच असतं की 'या डोमेनबद्दल विचारायचं तर अमुक नेमसर्व्हरकडे जा'. आणि चौथे म्हणजे जगभरचे रिझॉल्व्हर, तुमच्या वतीने नावाचा पत्ता विचारून आणणारे. तुमच्या इंटरनेट कंपनीचा, गूगलचा, क्लाउडफ्लेअरचा. हे दप्तराची झेरॉक्स खिशात घेऊन फिरतात आणि तिची मुदत संपेपर्यंत नवी आणायला जात नाहीत. लोक ज्याला 'प्रोपगेशन' म्हणतात त्यात खरं तर काही पसरत नसतं, जुन्या झेरॉक्स कालबाह्य होत असतात. एवढं ध्यानात राहिलं तर पुढची निम्मी गडबड टळते.

कोकणात आणखी एक पक्ष असतो: मुंबईचा पुतण्या. गणपतीत गावी आला असताना त्याने काकांसाठी हौसेने डोमेन घेतलेलं असतं, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने. आता तो नोकरी बदलून गेला, तो ईमेलही गेला. म्हणून पहिलं काम तांत्रिक नाहीच. खातं कुणाच्या नावावर आहे, ओटीपी कुठल्या नंबरवर जातो आणि नूतनीकरण कधी आहे, हे आधी विचारा. सामाईक सातबाऱ्यासारखं आहे. एकाची सही मिळेना तर सगळं अडतं.

आधी दप्तर बघा

डोमेनची सार्वजनिक नोंद काढा. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी जानेवारी २०२५ पासून हूइज या जुन्या शोधपद्धतीची सक्ती संपून आरडॅप ही नवी पद्धत आली आहे. डॉट इनसाठी निक्सीची स्वतःची शोधसोय आहे. त्या नोंदीत रजिस्ट्रारचं नाव, मुदत संपण्याची तारीख, सध्याचे नेमसर्व्हर, डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर सही करून ती खरी असल्याचं पटवायची सोय) चालू आहे का आणि स्टेटसच्या ओळी, एवढं वाचायचं. तुम्ही ज्याला पैसे देता तो पुष्कळदा रजिस्ट्रार नसतोच, मधला रीसेलर असतो. खरा रजिस्ट्रार कोण हे इथेच कळतं, आणि अडचण आली की तक्रार कुठवर न्यायची तेही.

स्टेटसच्या ओळींना लोक उगाच घाबरतात. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' बहुतेक सगळ्या डोमेनना असतं. ते फक्त डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याला अटकाव करतं, नेमसर्व्हर बदलण्याला नाही. 'क्लायंट अपडेट प्रोहिबिटेड' असेल तर मात्र बदल नाकारला जाईल. ते कुलूप रजिस्ट्रारने लावलेलं, तोच काढतो, बहुधा पॅनेलमधूनच. शब्दाची सुरुवात 'सर्व्हर'ने असेल, म्हणजे 'सर्व्हर अपडेट प्रोहिबिटेड', तर कुलूप रजिस्ट्रीचं आहे. ते काढायला रजिस्ट्रारच्या ठरलेल्या माणसाने रजिस्ट्रीकडे वेगळी ओळख पटवावी लागते आणि त्यात वेळ जातो. बँका वगैरे असं कुलूप मुद्दाम लावून घेतात. आंबेवाल्याला ते असण्याची शक्यता कमी, पण सहकारी पतसंस्थेचं काम असेल तर आधी बघा. 'क्लायंट होल्ड' दिसलं तर डोमेन सध्या बंदच आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे मालकाच्या ईमेलची पडताळणी. ती १५ दिवसांत झाली नाही तर रजिस्ट्रारला डोमेन थांबवावं लागतं. तो पडताळणीचा मेल पुतण्याच्या जुन्या पत्त्यावर पडलेला असतो.

मुदत महिन्याभरात संपणार असेल तर आधी पैसे भरा, मग बाकीचं.

नवं घर आधी बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. जुन्या डीएनएसमधला प्रत्येक रेकॉर्ड नव्यात हवा. जुन्या पॅनेलमध्ये झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी, काढून घ्यायची सोय असेल तर देव पावला. नसेल तर एकेक ओळ उतरवा. बाहेरून 'या डोमेनचे सगळे रेकॉर्ड दे' असं विचारून पूर्ण यादी मिळत नाही. नवी कंपनी 'आम्ही तुमचे रेकॉर्ड आपोआप शोधले' म्हणते तेव्हा तिने नेहमीच्या नावांचा फक्त अंदाज घेतलेला असतो.

साइटचा ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा पत्ता, कुणी विसरत नाही. विसरली जाते मेलची बाजू. मेल कुठे द्यायचा सांगणारा एमएक्स, आणि पाठवलेला मेल खरा असल्याचं पटवणारे एसपीएफचा टीएक्सटी, डीमार्क आणि त्याहून जास्त डीकेआयएम. डीकेआयएमच्या नावात सिलेक्टर नावाचा एक शब्द असतो, तो माहीत असल्याशिवाय तो रेकॉर्ड सापडत नाही. पाठवलेल्या मेलचं मूळ रूप उघडून त्यातून तो शब्द काढा. बिलं एका सेवेतून, दिवाळीच्या शुभेच्छा दुसऱ्या सेवेतून जात असतील तर सिलेक्टर दोन. बुकिंगचं पान वेगळ्या उपडोमेनवर असेल तर त्याचा सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड. एसएसएल प्रमाणपत्र कोण देऊ शकतं हे सांगणारा सीएए असेल तर तोही. तो चुकीचा उतरला तर आज काही होत नाही, दोन महिन्यांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडतं आणि कारण कुणाला आठवत नाही.

झोन तयार झाला की नव्या नेमसर्व्हरला थेट विचारा. त्यासाठी लिनक्स-मॅकवर डिग, विंडोजवर एनएसलुकअप ही आज्ञा. दोन्हींत 'या विशिष्ट सर्व्हरला विचार' असं सांगता येतं. एकच प्रश्न जुन्याला आणि नव्याला विचारायचा, उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. एसओए (झोनची स्वतःची माहिती) आणि एनएस (नेमसर्व्हरची नावं) यांची उत्तरं वेगळी येणारच, बाकी सगळं जुळलं पाहिजे. नव्याच्या उत्तरात 'एए' हा झेंडा दिसला पाहिजे. त्याचा अर्थ सर्व्हर हे उत्तर अधिकाराने देतोय. तो नसेल, किंवा सर्व्हर 'रिफ्यूज्ड' म्हणत असेल, तर नव्या कंपनीने झोन चालूच केलेला नाही. अशा सर्व्हरकडे डोमेन वळवलं तर दप्तरात ज्याचं नाव आहे तोच जमिनीला ओळखत नाही, अशी गत होते. पॅनेलने दिलेले सगळेच नेमसर्व्हर तपासा, फक्त पहिला नव्हे.

दोन टीटीएल

झेरॉक्सची मुदत म्हणजे टीटीएल, सेकंदांत. लोक झोनमधल्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० वर आणतात आणि समजतात की पाच मिनिटांत बदल होईल. पण नेमसर्व्हरची नोंद दोन ठिकाणी असते. एक तुमच्या झोनमध्ये, तिचा टीटीएल तुमच्या हातात. दुसरी रजिस्ट्रीच्या झोनमध्ये, तिचा टीटीएल रजिस्ट्री ठरवते. डॉट कॉममध्ये तो १,७२,८०० सेकंद, म्हणजे पुरे ४८ तास. तो तुम्ही कमी करू शकत नाही, रजिस्ट्रारही नाही. दुसऱ्या टीएलडीत, म्हणजे डॉट इनसारख्या दुसऱ्या शेवटात, आकडा वेगळा असतो. त्याच्याच सर्व्हरला विचारलं की उत्तरात दिसतो.

तरीही तुमच्या झोनमधल्या एनएस रेकॉर्डचा टीटीएल आधीच कमी करून ठेवा, कारण बरेच रिझॉल्व्हर रजिस्ट्रीपेक्षा तुमच्या झोनमधल्या नोंदीला जास्त मान देतात. कमी करायचा तो जुना टीटीएल उलटून जाईल इतका आधी. जुना टीटीएल एक दिवसाचा असेल आणि तुम्ही तो बदलाच्या तासभर आधी उतरवलात, तर लोकांच्या खिशात अजून एक दिवसाची झेरॉक्स आहे.

डीएस रेकॉर्ड, जिथे मी पडलो

डीएनएससेक चालू असेल तर रजिस्ट्रीत डीएस नावाचा रेकॉर्ड असतो. जुन्या डीएनएसच्या किल्लीचा तो ठसा. नव्या डीएनएसची किल्ली वेगळी. ठसा जुना, किल्ली नवी, असं झालं की पडताळणी करणारा रिझॉल्व्हर उत्तर खोटं समजून 'सर्व्हफेल' देतो. पडताळणी न करणारा रिझॉल्व्हर निमूट साइट दाखवतो. गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर २०१३ पासून पडताळणी करतो. गावातली केबलवाल्याची इंटरनेट सेवा करेलच असं नाही. देवगडात उघडतं आणि पुण्यात नाही, यामागचं सारं रहस्य इतकंच होतं.

क्रम असा. रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून आधी डीएस काढा. पॅनेल 'झालं' म्हणाला तरी रजिस्ट्रीच्या सर्व्हरला विचारून तो खरंच गेलाय का बघा. मग डीएसचा टीटीएल संपेपर्यंत थांबा. डॉट कॉमसाठी ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. या काळात जुन्या डीएनएसवरची सही चालू राहू द्या. ती आधी बंद केलीत तर ज्यांच्या खिशात अजून डीएस आहे त्यांच्यासाठी साइट तिथेच पडते. दिवस उलटला की मग नेमसर्व्हर. नव्या जागी सगळं स्थिर झालं की तिथे नव्याने डीएनएससेक चालू करा आणि नवा डीएस रजिस्ट्रारमार्फत रजिस्ट्रीत घाला. डीएनएससेक मध्ये बंद न करता दोन्हींकडे सही ठेवून जायची पद्धतही आहे, पण तिला दोन्ही डीएनएस कंपन्यांचं सहकार्य लागतं. आपल्या कामांत मी त्या वाटेला जात नाही.

नेमसर्व्हर तुमच्याच डोमेनखाली असेल तर

बहुतेकांना हा भाग लागणार नाही. पण काही होस्टिंगवाले 'एनएस१ डॉट अमुक डॉट कॉम' असे स्वतःच्या नावाचे नेमसर्व्हर वापरतात. तिथे कोंबडी आधी की अंडं असा पेच असतो: अमुक डॉट कॉमचा पत्ता एनएस१ला विचारायचा, आणि एनएस१चा पत्ता अमुक डॉट कॉममध्ये. म्हणून एनएस१चा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, रजिस्ट्रीतच लिहून ठेवतात. त्याला ग्लू म्हणतात, आणि त्यासाठी रजिस्ट्रारकडे 'होस्ट' किंवा 'चाइल्ड नेमसर्व्हर' अशी वेगळी नोंद करावी लागते. ही नोंद नसताना नेमसर्व्हर बदलायला गेलात तर रजिस्ट्री २३०३ हा ईपीपी कोड देते, म्हणजे अशी वस्तू दप्तरात नाही. आधी होस्टची नोंद, मग डोमेनचा बदल. सर्व्हरचा आयपी बदललात तर झोनमध्ये आणि रजिस्ट्रीत, दोन्हीकडे बदला. रजिस्ट्रीतला राहून जातो, सगळ्यांचाच. आणि जुन्या होस्टची नोंद काढताना २३०५ आला तर दुसरं कुठलंतरी डोमेन अजून त्या नेमसर्व्हरवर टेकलेलं आहे. ते शोधा.

दिवस कुठला

आंब्याची साइट मार्च ते मे, होमस्टेची दिवाळी, नाताळ आणि मे महिना, या दिवसांत हात लावायचा नाही. जून-जुलै त्यामानाने निवांत. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, बोटवालेही मोकळे. पण पावसाळ्याचं दुखणं वेगळं. वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग ओटीपी येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज आणि रेंज नव्हती. असल्या वेळी नेमसर्व्हर अर्धवट बदललेला असणं नको. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा, रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा आणि ऑरेंज अलर्टच्या आठवड्यात काम काढू नका. ओटीपीसाठी सड्यावर चढून रेंज शोधायची हौस एकदाच पुरते.

माझा आठवडा साधारण असा. गुरुवारी टीटीएल उतरवतो. शुक्रवारी सकाळी डीएस काढतो आणि दुपारी रजिस्ट्रीत बघतो. शनिवार-रविवार शांतपणे जाऊ देतो. सोमवारी नव्या-जुन्याची उत्तरं पुन्हा जुळवतो, कारण मधल्या काळात कुणीतरी जुन्या झोनमध्ये काहीतरी भर घातलेली असतेच. मंगळवारी सकाळी दहाला नेमसर्व्हर. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही. सपोर्टला कामाचे चार दिवस पुढे असले पाहिजेत.

मंगळवार

पॅनेलमध्ये जुने नेमसर्व्हर सगळे काढा, नवे सगळे घाला. दोन जुने राहू दे, दोन नवे घालू, असली मधली वाट काढू नका. रिझॉल्व्हर कधी इथे विचारतील कधी तिथे, आणि गिऱ्हाइकाचं एक पान नवं, एक जुनं दिसेल.

मग रजिस्ट्रीला विचारा. डॉट कॉमचे तेरा सर्व्हर आहेत, 'ए डॉट जीटीएलडी-सर्व्हर्स डॉट नेट'पासून 'एम'पर्यंत. त्यातल्या दोघा-तिघांना तुमच्या डोमेनचा एनएस विचारा. उत्तर 'अँसर'मध्ये नाही, 'ऑथॉरिटी'च्या रकान्यात येतं. रिकामा अँसर बघून घाबरू नका. डॉट इनसाठी आधी 'इन'चे नेमसर्व्हर विचारून घ्या आणि मग त्यांना विचारा. डॉट कॉममध्ये बदल काही मिनिटांत दिसतो. तासाभरानेही जुनंच दिसत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. अर्ज दप्तरापर्यंत पोचलेला नाही.

अशा वेळी सपोर्टला 'साइट चालत नाही' असं लिहू नका. तसं लिहिलं की ब्राउझरची कॅशे साफ करा आणि ४८ तास थांबा, हेच उत्तर येतं. लिहायचं ते असं: डोमेनचं नाव, आधीचे नेमसर्व्हर, हवे असलेले नेमसर्व्हर, पॅनेलमध्ये बदल केल्याची वेळ, रजिस्ट्रीच्या कुठल्या सर्व्हरला किती वाजता विचारलं आणि त्याने काय सांगितलं. वेळ यूटीसीत द्या, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आणि एकच प्रश्न विचारा: तुमच्या ईपीपी आज्ञेला रजिस्ट्रीने कुठला कोड दिला? १००० म्हणजे काम झालं. १००१ म्हणजे अर्ज घेतला, अजून प्रलंबित. २३०४ म्हणजे कुलूप आहे. हा प्रश्न गेला की तिकीट पहिल्या खिडकीवरून आतल्या माणसाकडे जातं, हा माझा अनुभव आहे. रीसेलर असेल तर हेच पत्र त्याला द्या आणि जसंच्या तसं वर पाठवायला सांगा. त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की निम्मं गळतं.

डॉट भारतचं डोमेन असेल तर सपोर्टला देवनागरी नावाबरोबर त्याचं 'एक्सएन'ने सुरू होणारं रूपही द्या. रजिस्ट्रीच्या नोंदीत ते त्याच रूपात असतं.

बदलानंतर

डॉट कॉमसाठी मंगळवारी दहाला केलेला बदल गुरुवारी दहापर्यंत काहींसाठी जुनाच असू शकतो. तोवर जुना डीएनएस चालू, जुन्या होस्टिंगवरची साइट चालू, आणि मेल हलवला असेल तर जुना मेलबॉक्सही चालू. मी पुरा आठवडा ठेवतो. होस्टिंगच्या शे-दोनशे रुपयांसाठी कुणी त्याच दिवशी जुनं खातं बंद करतं आणि बुकिंगचे मेल घालवून बसतं. या आठवड्यात एखादा रेकॉर्ड बदलायची वेळ आली तर तो दोन्हीकडे बदला.

काही बिघडलंच, तर लगेच जुन्या नेमसर्व्हरवर परत जायचा मोह होतो. आवरा. परत जाणं हाही रजिस्ट्रीतला फेरफारच, त्यालाही तेच ४८ तास. ज्यांच्याकडे नवी झेरॉक्स पोचली ते आता नव्यालाच विचारत राहणार. रेकॉर्ड राहून गेला असेल तर नव्या झोनमध्ये घाला. 'असं नाव नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर काही वेळ जपून ठेवतात, एसओएमधल्या शेवटच्या आकड्यानुसार, म्हणून बदलाच्या आठवड्यात तो आकडा ३०० ठेवा. गूगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांनी एखाद्या नावाची कॅशे पुसायची पानं दिली आहेत. गिऱ्हाईक फोनवर खोळंबलेलं असताना ती कामी येतात. डीएसच्या घोटाळ्यात मात्र, जुनी सही जुन्या सर्व्हरवर चालू असेल तर परत जाणं हा उपाय होऊ शकतो. मी तोपर्यंत जुनं खातं बंद करून मोकळा झालो होतो.

रजिस्ट्रारही बदलायचाय?

एकाच वेळी दोन्ही करू नका. आधी नेमसर्व्हर, आठवडाभर शांतता, मग ट्रान्सफर. ट्रान्सफरने नेमसर्व्हर आपोआप बदलत नाहीत. रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते. पण डोमेन अजून जुन्या रजिस्ट्रारच्या फुकट डीएनएसवरच असेल तर डोमेन गेल्यावर तो ती सेवा बंद करू शकतो. दप्तर नव्याकडे, पण पत्ता सांगणारा कुणीच नाही. डॉट कॉमच्या ट्रान्सफरला पाच दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि नवं घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन साधारण ६० दिवस हलत नाही. पुतण्याच्या खात्यातून काकांच्या नावावर आणायचं असेल तर एकाच रजिस्ट्रारमध्ये खातं बदलणं सोपं पडतं. ते गणपतीत, तो समोर बसलेला असताना, त्याच्याच मोबाइलवरून करून घ्या.